अक्षरन् अक्षर, सर

१७ ऑगस्ट १९६५, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही खोटं बोललात, अब्बा. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण चौकशीच्या नोंदीत प्रत्येक उत्तराच्या डाव्या बाजूला वेळ टाइप करावी लागे, आणि ती टाइप करणारी मीच होते. कर्नलने विचारलं, "हा अहवाल जसा लिहिला होता तसाच तुम्ही या माणसाला वाचून दाखवला होता का?" तुम्ही टोपी दोन्ही हातांत धरून उभे होता. म्हणालात, "अक्षरन् अक्षर, सर." तुमच्या शेजारी मेकॅनिक चाचा उभे होते. मोडलेला जबडा फडक्याने वर डोक्याशी बांधलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय, लाळेत रक्ताची तार. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, मुन्शीजी आपल्या बाजूने बोलले. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि उपकार मानल्यासारखी मान हलवली. कर्नलने ती मान पाहिली, कॅप्टनने पाहिली, आणि कर्नलने मला सांगितलं, लिही, 'कामगाराने मान हलवून दुजोरा दिला.' मी लिहिलं. त्या एका ओळीने त्या माणसाची आठ वर्षांची नोकरी गेली आणि जबडा मोडणारा सुटला.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तुमच्या तोंडून ते कधी आलं नाही आणि माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकून घेतलं नाही. आज मीच म्हातारी आहे, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊनही जमाना झाला, दुबईत, ऊद मेथात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. परवा नातीच्या कंपनीतलं तिचं वर्षाचं मूल्यमापन आलं. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "दादी, लुक, माय मॅनेजर हॅज नेव्हर इव्हन मेट मी." मी विचारलं, मग तू मान्य केलंस की काय? म्हणाली, "क्लिक करावं लागतं, दादी. एव्हरीबडी क्लिक्स. चिल." माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी भिंतीवर फेकला. पोरीला वाटलं म्हातारीला झटका आला. सुनेने भिंत पुसली, लेकाने माझं बीपी तपासलं, आणि मी ठरवलं की आता तुम्हाला लिहायचं.

तेव्हा हा देशच नव्हता. किनाऱ्यावर शेखांची गावं होती, खाडीत लाकडी गलबतं होती आणि गावाबाहेर वाळूत गोऱ्यांची छावणी होती, पत्र्याच्या बराकींची. तुम्ही तिथे सिव्हिलियन लोकांचे हेडक्लार्क आणि दुभाषे. रत्नागिरीकडचे, रायगडकडचे, मलबारचे, बलुचिस्तानचे असे तेवीस जण तुमच्या हाताखाली, आणि सगळे तुम्हाला मुन्शीजी म्हणत. मी मुंबईच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन आले होते. नन्सनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, न बघता टाइप करणं आणि मान वर करून बोलणं. पहिली तुमच्या कामाची होती. छावणीचा टायपिस्ट अचानक सोडून गेला आणि तुम्ही मला घेऊन गेलात. अम्मी तीन दिवस जेवली नाही. "पोरीला सोजिरांत बसवताय?" म्हणाली. तुम्ही म्हणालात, "माझ्या टेबलासमोर बसेल. माझी नजर असेल." होतीच. फक्त नको त्या जागी होती.

दर वर्षी भर उन्हाळ्यात गोपनीय अहवालांचा दिवस येई. कॅप्टनने प्रत्येक माणसाबद्दल लिहायचं, मी टाइप करायचं, माणसाला वाचून दाखवायचं, त्याने खाली अंगठा उमटवायचा. त्याबद्दलचं मुख्यालयाचं परिपत्रकही मीच टाइप केलं होतं आणि ते मला आजही पाठ आहे. अधिकाऱ्याने त्या माणसाचं काम निदान नव्वद दिवस स्वतः पाहिलेलं असावं. अहवाल अधिकाऱ्याने स्वतः, माणसाच्या समोर बसून, दुभाष्यामार्फत समजावून द्यावा. माणसाला हरकत घेता यावी. आणि शेवटचं कलम माझ्या सर्वांत आवडीचं होतं. आपल्या हाताखालच्या सिव्हिलियन लोकांचं मूल्यमापन अधिकाऱ्याने किती न्यायाने केलं, याची नोंद त्या अधिकाऱ्याच्याच अहवालात व्हावी. म्हणजे मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजणार होतं. एकोणीस वर्षांच्या मला ते कलम टाइप करताना गुदगुल्या झाल्या होत्या.

नवा कॅप्टन येऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. वर्कशॉपमध्ये तो दोनदा गेला असेल, तेही नाकाला रुमाल लावून. त्याची मोजायची रीत एकच होती. त्याची जीप गेली की कोण सलाम ठोकतो आणि कोण नाही. सिव्हिलियन माणसाने सलाम ठोकावा असा नियम नव्हता. आपली माणसं छातीवर हात ठेवून मान झुकवायची, आपल्या बापजाद्यांनी शिकवलं तसं. त्या माणसाच्या लेखी छातीवरचा हात म्हणजे उर्मटपणा. तेवीस अहवालांपैकी एकोणीस मी एका बैठकीत टाइप केले. आळशी. घाणेरडा. लबाड. याच्यावर विश्वास टाकू नये. आणि मेकॅनिक चाचांच्या नावापुढे, ज्यांनी जळत्या टँकरखाली शिरून तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि त्यापायी ज्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत उतरली होती, त्यांच्या नावापुढे: 'उद्धट. अयोग्य.' 'अयोग्य' हा शब्द पडला की परतीची बोट.

वाचून दाखवायचा दिवस आला तसा कॅप्टन आत पंख्याखाली बसून राहिला. "व्हरांड्यात तूच उरक, मुन्शी," म्हणाला. आणि तुम्ही उरकलंत. माझ्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. मलबारच्या स्वयंपाक्याचा कागद हातात, त्यावर 'घाणेरडा' लिहिलेलं, आणि तुम्ही हिंदीत म्हणताय, "साहब बोलता है, खाना अच्छा बनाता है. थोडा एप्रन धोया करो." बलुची चौकीदाराच्या कागदावर 'लबाड' आणि तुम्ही म्हणताय, "साहब खूश है." एकेक अंगठा शाईत बुडतोय, एकेक माणूस हसत बाहेर पडतोय, आणि खिडकीतून आत कॅप्टनपुढेही छातीवर हात ठेवून झुकतोय, शुक्रिया साहब, शुक्रिया. आदल्या वर्षीही तुम्ही असंच केलं होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. माझा बाप शिव्या गाळून माणसांपर्यंत फक्त पाणी पोचवतो, असं काहीतरी मी तेव्हा डायरीत लिहिलं होतं. अंगठा उमटला की हरकतीचा हक्क संपतो, हे मला माहीत असूनही.

मेकॅनिक चाचांना तुम्ही काय सांगितलंत? ते आपल्या शेजारच्या गावचे, म्हणून त्यांच्याशी मराठीत बोललात. "गड्या, तू पहिल्या नंबरात आहेस. साहेब म्हणतात, असा मेकॅनिक मिळायचा नाही." मी खुर्चीतून उठून दारात आले. तुम्ही डोळ्यांनी मला मागे सारलंत. नंतर म्हणालात, "आठ दिवसांत साहेबांना समजावतो. कागद जायच्या आधी तो शब्द बदलून घेतो. गेल्या वर्षी नाही का बदलून घेतला होता?" गेल्या वर्षीचा साहेब वेगळा होता, अब्बा. तो दारू पिऊन का होईना, ऐकायचा.

गुरुवारी सकाळी चाचा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ऑफिसात आले. हातात मातीचा वाडगा, खाडीपलीकडच्या बाजारातून आणलेला मस्कती हलवा, वर बदाम. मला म्हणाले, "बाय, आधी तू घे. मग साहेबांचं तोंड गोड करतो."

"चाचा, थांबा. अब्बांना येऊ दे."

"मुन्शीजी काय कामाचे? आनंद माझा आहे नि दुभाषा कशाला?" आणि ते हसत आत गेले.

विचार करा, आत बसलेल्या माणसाने काय पाहिलं असेल. आपण ज्याला हाकलून दिलंय तो माणूस दात काढत मिठाई घेऊन समोर उभा आहे. कॅप्टन ओरडला, "हा मला हसतोय!" टेबलावर त्याची छडी होती, मुठीला पितळी टोपी. पहिला फटका वाडग्यावर बसला. वाडगा फुटला. चाचांना वाटलं, आपलंच काही चुकलं, ते आणखी हसले आणि छातीवर हात ठेवून वाकले. दुसरा फटका उलट्या बाजूने, पितळी टोपीने, थेट जबड्यावर आला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. ते पडले. पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत त्याने बूट घातला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा घालताना त्याचाच पाय हलव्यावरून घसरला आणि तो टेबलाला धरून उभा राहिला, लालबुंद, धापा टाकत. चाचांच्या तोंडातून रक्ताबरोबर दोन दात आले. तरी ते हसायचा प्रयत्न करत होते, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हसण्यासारखं काही नाही.

तुम्ही धावत आलात. मला वाटलं आता माझा बाप त्या माणसाचा हात धरेल. तुम्ही गुडघ्यांवर बसलात आणि फरशीवरचा हलवा गोळा करायला लागलात. साहेबांच्या बुटाला चिकटेल म्हणून.

त्याच दुपारी मी तक्रार लिहिली. नाव चाचांचं, इंग्रजी माझं. चाळीस दिवस, व्हरांडा, परिपत्रकाचं प्रत्येक कलम, शेवटी छडी. चाचांना दवाखान्यातल्या खाटेवर फक्त छडीचं तेवढं समजावून सांगितलं, अहवालातला शब्द नाही. ते बोलू शकत नव्हते, अंगठा पुढे केला. एक प्रत मी मुख्यालयाच्या टपालात टाकली आणि दुसरी घरी आणली. स्वयंपाकघरात तुम्ही ती वाचलीत. अम्मी बांगडा तळत होती. तुम्ही कागद वाचून संपवलात, घडी केलीत आणि माझ्या कानाखाली मारलीत. मी चुलीजवळ पडले, तेल उडालं, मनगटावर त्याचे डाग आहेत. अम्मी किंचाळली, "पोर जळली असती!"

"जळू दे," तुम्ही म्हणालात. "टायपिस्टचं काम टाइप करायचं. न्याय करायचं नाही."

मी खालून म्हटलं, "आणि दुभाष्याचं काम? तुम्ही खरं वाचून दाखवलं असतं तर चाचा हलवा घेऊन गेले असते का?"

तुमचा हात पुन्हा वर गेला आणि तिथेच राहिला. मग तुम्ही चौकटीला टेकून म्हणालात, आणि हे वाक्य मी विसरलेले नाही, "तेवीस माणसं आहेत, बेटा. घरदार सोडून या उन्हात राबतात. तेवीस वेळा तोंडावर सांगू की तू घाणेरडा आहेस? माझ्या तोंडून? तो तर आत बसला होता पंख्याखाली."

"म्हणूनच! त्याच्या तोंडून यायला हवं होतं. नियमच तसा आहे. तुम्ही मधे पडून त्याला वाचवलंत, चाचांना नाही."

"नियम!" तुम्ही म्हणालात. "नन्सनी तुला नियम शिकवले. पोट नाही शिकवलं."

त्या तक्रारीवरून मुख्यालयातून कर्नल आला तेव्हा एका प्रश्नावर सगळं अडलं होतं, आणि ते तुम्हालाही कळत होतं. तुम्ही म्हणाला असता, नाही सर, मी वेगळंच वाचलं, कारण कॅप्टन स्वतः बाहेर आलेच नाहीत, तर अंगठा रद्द, अहवाल रद्द, चाचा कामावर, आणि हलव्याचा वाडगा म्हणजे साध्या माणसाचे आभार. मग छडीचा जाब त्या माणसाला द्यावा लागला असता. तुम्ही म्हणालात, अक्षरन् अक्षर. मग वाडगा म्हणजे थट्टा ठरली आणि छडी म्हणजे चिडवलेल्या अधिकाऱ्याचा क्षणिक तोल. पुढच्या आठवड्यात चाचांना बोटीवर चढवलं. आणि कर्नलने जाण्याआधी कॅप्टनच्या स्वतःच्या अहवालातला तो रकाना, माझ्या आवडीचा, मला तोंडी सांगून टाइप करून घेतला: 'सिव्हिलियन कर्मचाऱ्यांशी कडक, पण न्यायी.' मी टाइप केलं. एकही चूक केली नाही. त्या दिवशी मला कुणाचा तरी गळा दाबायचा होता आणि माझी दहाही बोटं त्या यंत्रावर होती.

मग मी जे केलं ते तुम्हाला ठाऊक होतं, पण आपण त्यावर कधी बोललो नाही. बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी वर्कशॉपच्या शेडमध्ये गेले, तेलाच्या पिंपावर चढले आणि उरलेले बावीस अहवाल वाचून दाखवले. इंग्रजीत एकदा, हिंदीत एकदा, आपल्या लोकांना मराठीत. मऊ काही केलं नाही. स्वयंपाक्याला घाणेरडा म्हटलं, चौकीदाराला लबाड म्हटलं. बलुची चौकीदार एवढंच म्हणाला, "मुन्शीने हमको उल्लू बनाया. दो साल." मला वाटलं होतं ते कॅप्टनच्या दाराशी जातील. ते सोपं नव्हतं, त्याच्या दाराशी बंदुका होत्या. तुमच्या दाराशी कुणी नव्हतं.

तीन दिवसांनी भर दुपारी त्यांनी तुम्हाला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. चौघे होते. मी व्हरांड्यातून पाहत होते. एकाने तुमची टोपी उडवली, दुसऱ्याने तुम्हाला टाकीवर आपटलं. चौकीदाराच्या हातात लोखंडी पहार होती. माझा आवाज फाटकापर्यंत जायचा, नन्सनी प्रार्थनेसाठी तयार केलेला आवाज. मी ओरडले नाही. तुम्ही तोंड झाकत होता, "अरे, ऐका तर, ऐका," म्हणत होता, आणि मी मनात म्हणत होते, आता कसं वाटतं? पहार तुमच्या उजव्या खांद्यावर पडली, हाड मोडलं, तेव्हा मी ओरडले. तेव्हा, आधी नाही. तुम्ही डॉक्टरला सांगितलंत, शिडीवरून पडलो. मरेपर्यंत नमाजात तुमचा उजवा हात कानापर्यंत गेला नाही. दर वेळी मी नजर वळवली.

आणि त्यानंतर एक वाक्य कधीतरी तुम्ही अम्मीला म्हणालात, भिंतीपलीकडून मी ऐकलं: "त्या तक्रारीसाठी गोपनीय कागद बाहेर कुणी काढले, हे कर्नलला विचारायचं होतं. मी नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न तोच होता." अम्मीने दिवा मालवला. मी आत गेले नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. साठ वर्षं मी असं धरून चाललेय की तुम्ही खुर्चीसाठी खोटं बोललात, कारण खुर्चीसाठी खोटं बोलणाऱ्या बापाचा राग करता येतो.

हे पत्र कुठे जाणार नाही, मला माहीत आहे. पण लेखी मागायचं तर आपलंही लेखी द्यावं. तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी मी गावी गेले असताना चाचांना भेटले. पडवीत बसले होते, जबडा एका बाजूला सरकलेला, पातळ पेज पीत. मला ओळखलं. म्हणाले, "मुन्शीजींनी माझ्यासाठी साक्ष दिली हो. तेवढा एकच माणूस उभा राहिला." मग हळूच विचारलं, "कागद तूच टाइप केलेलास ना? काय लिहिलेलं गो? खरं सांग." समोर कोणी कर्नल नव्हता, नोकरी नव्हती, कसलीच भीती नव्हती. मी म्हटलं, "उत्तम मेकॅनिक. धाडसी, सचोटीचा माणूस." चाचा बराच वेळ मान हलवत राहिले, आणि मी उठून मागच्या परसात जाऊन ओकले.

यावरून मी तुम्हाला माफ केलं असा अर्थ काढू नका. नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुणाला वाचवलंत, स्वतःला की मला, याचं उत्तर मला लेखी हवं आहे. तोंडी चालणार नाही, स्वप्नात येऊन चालणार नाही, दुसऱ्या कुणाकडून मऊ करून तर मुळीच चालणार नाही. तुमच्या हस्ताक्षरात, खाली सही, येत्या तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत.